दुरुस्तीला मंजुरी

४ फेब्रुवारी, मंगळवार

यांच्या बुटांच्या फॅक्टरीने सगळ्या कामगारांना डायऱ्या वाटल्या, त्यातली ही. हे म्हणाले, "मी काय लिहिणार? तूच लिही. तेवढा वेळ तुझं तोंड तरी बंद राहील." बघू राहतं का. ग्रीसचे डाग पडणार, ते आत्ताच सांगून ठेवते.

आज चार नंबरला गुदगुल्या केल्या. हॉस्पिटलातली ही डायलिसिसची मशिनं परदेशी कंपनीची आहेत. ज्याच्या किडन्या बंद पडल्या त्याचं रक्त यातून फिरवायचं, धुऊन परत द्यायचं. मशीन गुणी आहे, पण स्वभाव संशयी. आतला एखादा भाग बदलला की पडद्यावर लिहून येतं, 'अनोळखी भाग. कंपनीशी संपर्क साधा.' आणि रुसून बसतं. भाग ओळखीचा करून द्यायचा तर गुप्त आकडे लागतात, आणि ते फक्त कंपनीच्या माणसाकडे. जुन्या मशिनांसाठी कंपनीने माणूस पाठवणं कधीच बंद केलंय. नवीन घ्या म्हणतात. म्हणून मी मागचं झाकण काढते, बोर्डावरच्या दोन पिना चिमट्याने एकत्र धरते आणि तसंच बटण दाबते. मशीन खुदकन हसल्यासारखं आतला दरवाजा उघडतं. मग त्याला सांगते, बाबा रे, हा तुझा नवा पंप. ऐकतं बिचारं. त्यानंतर अर्धा दिवस नुसत्या पाण्यावर चालवायचं, सगळी मापं तपासायची आणि मगच सिस्टरच्या हवाली करायचं. घाई केली नाही, म्हणून आजवर कुणाला काही झालेलं नाही.

संध्याकाळी त्याच चार नंबरवर पिंट्याला लावलं. पिंट्या माझा धाकटा भाऊ, चित्रकलेचा मास्तर. टक्कल पडलं तरी पिंट्याच. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे त्याचे वार. एक वार चुकला की पाय सुजतात, दोन चुकले की आडवं पडून श्वास घेता येत नाही. त्यापुढचं मी लिहीत नाही. पाणीही मोजून मापून प्यायचं, कारण प्यालेलं सगळं आतच साठतं.

"ताई, आज मशीन खुशीत दिसतंय," तो म्हणाला. "गुदगुल्या केल्यास वाटतं?"

सिस्टर इतकी हसली की तिला सुई परत नीट धरावी लागली.

९ फेब्रुवारी, रविवार

टीव्हीवर दिवसभर तेच. आपला मंत्री आणि त्यांचा मंत्री हातात हात घालून उभे, मागे झेंडे, पुढे जाडजूड फायली. व्यापार करार झाला म्हणे. हे खुर्चीच्या अगदी कडेला बसून बघत होते. इतक्या भक्तिभावाने ते आमच्या लग्नातही बसले नव्हते.

"आता आपले बूट तिकडे बिनजकाती जाणार! साहेब म्हणालेत, दुसरी पाळी सुरू करायची. मला सुपरवायझर करणार."

पिंट्या जेवायला आला होता. म्हणाला, "भाओजी, बूट तिकडे जाणार, ठीक. तिकडून इकडे काय येणार?"

"येईल काहीतरी. बौद्धिक संपदा का काय म्हणतायत."

"बरंच झालं. आपल्याकडे तिचा तुटवडाच होता."

हे रागावले. पण मग हसू आवरेना. यांना सुपरवायझर झालेलं बघायचं आहे मला. फार वर्षं वाट बघितलीय या माणसाने.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज एक नवलच झालं. मशीनच्या कंपनीचा माणूस आला! नवीन मशीन विकायला नव्हे, मला भेटायला. हसतमुख, सावकाश बोलणारा, गळ्यात टाय. डॉक्टरांनी ओळख करून दिली तर म्हणतो, "मॅडम, ही मशिनं अजून चालतात कशी, याचं आमच्या कंपनीला फार कुतूहल आहे. म्हटलं, ते हात बघून यावेत."

मी हात पुढे केले. काळे होते. त्याने तरीही हात मिळवला. आजवर कुणी कंपनीवाल्याने मला खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

मग काय, लागली माझी टकळी. पंप कसे बसवते, झडपा कुठून आणते, सगळं सांगितलं. फक्त गुदगुल्यांचं बोलले नाही, कारण डॉक्टर मधेच खोकले. त्याने विचारलं, "आणखी कुठे कुठे जाता?" मी पाचही हॉस्पिटलांची नावं घडाघडा सांगितली. "कुणाला शिकवलंय?" म्हटलं, कोण शिकतंय हो, सगळ्यांना मोबाईल दुरुस्त करायचेत. ते ऐकून त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. माझ्या टेबलाचे फोटो काढले. माझाही काढला. नेमकं पदराला ग्रीस लागलेलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पिंट्याने त्या माणसाला 'टायवाला' नाव ठेवलं. म्हणाला, "ताई, तो इतका गोड बोलतो की ऐकून माझी साखर वाढेल. आधीच किडनी गेलीय."

मी म्हटलं, जळतोस. कधी नव्हे ते तुझ्या बहिणीचं कुणी कौतुक केलं.

"कौतुकच कर म्हणावं. पण एवढे प्रश्न कशाला?"

मास्तर लोकांना दुसऱ्याने प्रश्न विचारलेले खपत नाहीत, दुसरं काय.

६ मार्च, गुरुवार

टायवाला परत आला. आज मी हिय्या करून बोललेच. म्हटलं, मी इतकी वर्षं चोरून केल्यासारखं करते. डॉक्टर खोकतात, सिस्टर दाराकडे बघते. मला एकदा तुमच्या कंपनीची मान्यता पाहिजे. दुरुस्तीला परवानगी मिळेल का ते सांगा.

त्याने टाय नीट केला. मग म्हणाला, "दुरुस्तीवर काम चालूच आहे, मॅडम. अगदी वरच्या पातळीवर. करारामुळे त्याला वेग आलाय. याच अधिवेशनात येईल."

कंपनीची अधिवेशनं होतात हे मला माहीत नव्हतं. मोठी कंपनी आहे, होत असतील. आणि त्यात माझ्यासारखीच्या दुरुस्तीचा विषय निघणार! मी विचारलं, मंजूर होईल ना? म्हणाला, "होणारच. दोन्ही बाजूंनी ठरलेलं आहे. झाली की मी स्वतः फोन करतो."

पाय जमिनीवर ठरत नव्हते माझे. शेजारच्या खुर्चीवरच्या शिंपीकाकांना सगळं सांगितलं. ते मशीनवर असताना कायम काहीतरी गुणगुणतात. म्हणाले, "वा, आता पेशंटच्या आधी मशीनच गाणार." आमच्या या वॉर्डात किती हसतात लोक! बाहेरच्याला खरं वाटणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

मंजूर!

दुपारी टायवाल्याचा फोन आला. शब्दाला जागला. "मॅडम, अभिनंदन करायला हवं की नाही मला कळत नाही, पण कळवतो म्हणालो होतो. दुरुस्ती मंजूर झाली. एक तारखेपासून अंमल." मी म्हटलं, अभिनंदन का नाही करायचं? करा की! तो म्हणाला, "तुम्ही फार मोकळ्या मनाच्या आहात." मग म्हणाला, आता उघडच काम आहे तर सोमवारी कॅमेरा घेऊन येतो, तुमची सगळी पद्धत एकदा टिपून ठेवू. म्हटलं, या.

आणि गंमत बघा. संध्याकाळी हे मिठाईचा पुडा घेऊन घरात शिरले ते ओरडतच, "दुरुस्ती मंजूर झाली!"

मी चाटच पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"फॅक्टरीत साहेबांनीच सांगितलं. सगळ्यांना मिठाई वाटली. आता पुढच्या महिन्यात पहिला कंटेनर."

"तुमच्या साहेबांना माझ्या दुरुस्तीचं इतकं अप्रूप?"

"तुझ्या?" हे म्हणाले, आणि मग तोंडात मिठाई कोंबून म्हणाले, "असेल असेल. तुझी काय, माझी काय, आनंद एकच."

पिंट्या तिथेच बसला होता. मिठाईला त्याने हात लावला नाही, पथ्य. म्हणाला, "तुमची दोघांची दुरुस्ती एकच कशी असेल?"

मी म्हटलं, तू ना, चांगल्या आनंदात खडा टाकायला कायम पुढे. तुझी शंका फळ्यावर लिही आणि दोनदा खोड.

तो हसला नाही. पण त्याला आज दम लागला होता जरा, म्हणून असेल.

२४ मार्च, सोमवार

आज मी नटी झाले. टायवाल्याने कॅमेरा लावला, दिवे लावले. सिस्टर म्हणाली, पावडर लावा. मी म्हटलं, ग्रीसच लावते, तेच खरं. शिंपीकाकांचा आज वार नव्हता, तरी शूटिंग बघायला येऊन बसले. डॉक्टर दिवसभर बाहेरगावी होते, नाहीतर खोकून खोकून सगळं खराब केलं असतं.

सगळं दाखवलं. झाकण, बोर्ड, चिमटा, कुठल्या दोन पिना, बटण किती दाबून धरायचं. टायवाला अगदी जवळ येऊन टिपत होता. "पुन्हा एकदा, सावकाश." मी सावकाश केलं. "याला काय म्हणता?" "गुदगुल्या," मी म्हटलं. तो पहिल्यांदा मोठ्याने हसला.

"ही पाचही मशिनं अशीच चालू ठेवलीत?"

"पाच काय! या वॉर्डात एकही मशीन नाही ज्याला माझा हात लागलेला नाही. इथेच काय, पाचही हॉस्पिटलांत विचारा."

"छान," तो म्हणाला. "हे वाक्य फार छान आलं. सहावं कुठे आहे?"

"ते मेलं. पंप जळाला, कोठीत पडलंय भंगार म्हणून." त्याने कोठीकडे बघितलंही नाही.

जाताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. आमच्या इंजिनियरांनाही हे छिद्र माहीत नव्हतं." मला छिद्र हा शब्द आवडला नाही. पण त्यांच्या भाषेत म्हणत असतील.

२९ मार्च, शनिवार

माझ्या दुरुस्तीच्या दुकानाची पाटी रंगवून घेतली. 'येथे सर्व मशिनांची दुरुस्ती होईल' ही पिंट्यानेच लिहिलेली जुनी ओळ. आज दुरुस्तीच्या आधी त्याने 'अधिकृत' घातलं. स्टुलावर उभं राहून, निळ्या रंगात, माझ्या आग्रहावरून. मधे दोनदा खाली उतरून बसला. हाताला मशीनच्या सुयांच्या गाठी आहेत, तरी रेघ बघावी त्याची. एक अक्षर वाकडं नाही.

"खात्री आहे ना तुझी?" त्याने विचारलं.

म्हटलं, फोन कुणाला आला, तुला की मला?

हॉस्पिटलात टायवाल्याची दोन पोरं येऊन पाचही मशिनांत काहीतरी नवीन घालून गेली. अपडेट म्हणतात. पेशंटच्या सुरक्षेसाठी आहे म्हणाले. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. झाकण उघडायच्या आधी मला विचारायला हवं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

तीन नंबरचा पंप गेला. नवा बसवला. चिमटा धरला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा धरला. काही नाही. तिसऱ्यांदा पडदा लाल झाला आणि लिहून आलं, 'अनधिकृत प्रयत्न नोंदवला आहे.'

मी चिमटा बाजूला ठेवला. ही नोंद कुठे जातेय? कोण नोंदवतंय?

टायवाल्याला फोन लावला. लागतो, कुणी उचलत नाही. परत लावला. मग लागेनासाच झाला.

सिस्टर म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी सांगितलंय, मशिनांना हात लावू देऊ नका. तुम्हालाच." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

१६ एप्रिल, बुधवार

लिहायला हात धजत नाही. पण लिहायचंच.

डॉक्टरांच्या खोलीत गेले ते भांडायच्या तयारीनेच. म्हटलं, मला अडवायचं काय कारण? दुरुस्ती मंजूर आहे! एक तारखेपासून!

डॉक्टरांनी चष्मा काढला. आज खोकले नाहीत. म्हणाले, "बसा. कुठली दुरुस्ती मंजूर झाली म्हणता?"

"माझी. मशिनांची."

"अहो," ते अगदी हळू म्हणाले, "ती तुमची दुरुस्ती नव्हे. कायद्यातली दुरुस्ती. कराराची अटच होती ती. त्यांनी आपला माल घ्यायचा आणि आपण त्यांच्या मशिनांच्या आतली कुलपं राखायची. कंपनीने घातलेलं कुलूप कंपनीशिवाय कुणी उघडलं तर तो आता गुन्हा आहे. बौद्धिक संपदेची चोरी. मशीन विकत घेतलेलं असलं तरी. ती दुरुस्ती मंजूर झाली. तुमची दुरुस्ती बंद करणारी."

मला आधी कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. अधिवेशन म्हणजे संसदेचं. वरची पातळी म्हणजे ती. यांची मिठाईसुद्धा त्याचीच. मी माझ्या हाताने चिमटा धरून सावकाश दाखवलं, पुन्हा एकदा, आणि त्यांनी ते छिद्र बुजवलं.

"त्याने मला फसवलं," मी म्हटलं.

"तो खोटं बोलला का?" डॉक्टरांनी विचारलं.

खोटं एकही वाक्य बोलला नाही मेला. मी आठवून आठवून बघितलं. शब्द तोच होता. मीच तो माझ्या दुकानातल्या अर्थाने ऐकला. मी दुरुस्तीवाली, मला दुसरी कुठली दुरुस्ती सुचणार?

घरी आले. हे बूट पॉलिश करत होते, फॅक्टरीतले नवे. सगळं सांगितलं. यांचा हात थांबला. म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं गं." मी इतकी ओरडले, इतकी ओरडले. एक बूट भिंतीवर फेकला. मग तो मीच उचलून आणला. यांची काय चूक?

२६ एप्रिल, शनिवार

पाच नंबर झडपेपायी बंद. कंपनीचा भाग तिकडून निघालाय म्हणे. तीन नंबरचाही निघालाय. दोन्ही नुसते निघालेत.

उरली तीन मशिनं. डॉक्टरांनी प्रत्येकाचा एक वार कमी केला. पिंट्याचा गुरुवार गेला. आता मंगळवार आणि शनिवार. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं, गुरुवारी शाळेत चौथी असते. फार दंगा करतात." शाळा त्याने मागच्या आठवड्यातच सोडलीय, मला कळू न देता.

त्याच्या चपला आता पायात जात नाहीत. यांनी फॅक्टरीतून रुंद पंजाचे बूट आणले. तिकडच्या मापाचे आहेत.

६ मे, मंगळवार

शिंपीकाकांची खुर्ची रिकामी. रविवारी गेले. घरीच, उशांना टेकून बसल्या बसल्या. आडवं होता येत नव्हतं.

पिंट्याला लावलं. थोड्या वेळाने पिंट्याच काकांचं गाणं गुणगुणायला लागला. त्याला नीट येत नाही. सिस्टर उठून बाहेर गेली.

मी खुर्चीत बसून नुसती मशिनांकडे बघत होते. आणि एकदम उठून उभी राहिले. सहा नंबर! ते कोठीत होतं. त्याला ती पोरं शिवलीच नाहीत. त्याच्यात तो अपडेट नाही. ते अजून जुन्या स्वभावाचं आहे!

७ मे, बुधवार

डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. सिस्टरला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "मी कोठीची किल्ली टेबलावर विसरते कधी कधी."

सहा नंबरला पंप हवा. नवीन कोण देणार? पाच नंबर झडपेपायी बंद आहे, पण पंप धडधाकट. त्याचा काढला. वायर काढलेलं, बंद मशीन. तरी पंप सुटताच पाचाच्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि वाचायच्या आत गेली. आतल्या बॅटरीचा काहीतरी चाळा असेल.

सहाला पंप बसवला. चिमटा धरला. बटण दाबलं आणि ते हसलं! देवा रे, किती दिवसांनी कुणीतरी हसलं माझ्याकडे बघून. दिवसभर पाण्यावर चालवलं, सगळी मापं दोनदा तपासली. काटा इकडचा तिकडे नाही.

८ मे, गुरुवार

पिंट्याला त्याचा गुरुवार परत मिळाला. कोठीत, औषधांच्या खोक्यांमध्ये, खुर्ची टाकून. उतरला तेव्हा तोंडावर रंग होता. म्हणाला, "ताई, आता मला चोरीचं रक्त आहे. तोऱ्यात चालणार मी."

त्याच्या मागून आणखी दोघांना लावलं, ज्यांचा गुरुवार गेला होता. त्यातली एक बाई बाहेर पडताना माझ्या पाया पडायला लागली. मी रागावले तिला. घाबरले खरं तर.

१५ मे, गुरुवार

आज पिंट्या सहा नंबरवर असताना ते आले. टायवाला आणि दोन सरकारी माणसं. सरळ कोठीकडे आले, कुणाला न विचारता. पाच नंबरचा पंप सुटल्याचं त्यांना त्याच दिवशी कळलं होतं म्हणे. ती ओळ. ती माझ्यासाठी नव्हतीच.

एक सरकारी माणूस वायरीकडे हात नेत होता. डॉक्टर धावत आले, मधे उभे राहिले. इतके ओरडताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "त्याचं रक्त आहे त्यात! ते परत जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही!" मग सगळे थांबले. आम्ही सगळे, ते सगळे, त्या एवढ्याशा कोठीत, पंपाचा आवाज ऐकत उभे. पिंट्याने डोळे मिटून घेतले होते. टायवाल्याच्या पायात यांच्या फॅक्टरीचे बूट होते. शिवण ओळखते मी.

पिंट्याचं सगळं रक्त त्याच्या अंगात गेल्यावर सहा नंबरला सील लागलं. मग टायवाल्याने मोबाईल पुढे धरला आणि त्याच गोड आवाजात विचारलं, "मॅडम, हे कसं केलंत?"

मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. दात आवळून उभी राहिले.

"हरकत नाही," तो म्हणाला. "मार्चमध्ये तुम्ही सगळं सांगितलेलं आहे." आणि त्याने मलाच माझा आवाज ऐकवला. 'या वॉर्डात एकही मशीन नाही ज्याला माझा हात लागलेला नाही.' मागे सिस्टर हसतेय. मागे शिंपीकाकासुद्धा ऐकू येतात, गुणगुणताना.

त्या वाक्यावरून त्यांनी एक, दोन आणि चार नंबरलाही सील लावलं. अनधिकृत भाग असल्याचा संशय, तपासणी होईपर्यंत. बाकीच्या चार हॉस्पिटलांतही माणसं गेली होती, ती नावंही मीच दिलेली. डॉक्टर म्हणत राहिले, अहो पेशंट कुठे जातील? सरकारी माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मोठ्या शहरात सोय आहे, नंबर लावा." डॉक्टरांनी तिथेच फोन लावला. तिकडे आधीच रांग आहे. कळवतो म्हणाले.

पाटीवर 'अधिकृत' लिहिल्याबद्दल माझ्यावर आणखी एक कलम लागलंय. सोमवारी हजर व्हायचं. कुठल्याही मशीनला हात लावणार नाही असं माझ्याकडून लिहून घेतलं. मी सही केली. पिंट्या बघत होता.

१६ मे, शुक्रवार

शहरातून फोन आला नाही. डॉक्टर दर थोड्या वेळाने लावतायत. हे कामावर गेले नाहीत. सुपरवायझर झाल्याचं पत्र आलंय, ते त्यांनी उघडलंही नाही.

दुपारी पिंट्या दुकानावर आला, पत्रा खरवडायचं पातं घेऊन. मी म्हटलं, चढायचं नाही, मी करते. म्हणाला, "माझं अक्षर आहे, मीच काढणार." बसून बसून, दम खात, 'अधिकृत' खरवडून काढलं. उरलेल्या ओळीकडे बघत म्हणाला, "दुरुस्ती राहू दे?"

"राहू दे," मी म्हटलं.

मग तो स्टुलावर टेकला आणि म्हणाला, "ताई, जरा पाणी दे गं."

आतून पेला भरून आणला. उंबऱ्याशी आले आणि थबकले. उद्या मशीन असेल तर एवढं पाणी चालेल. नसेल तर? मी परत आत जाऊन अर्धं ओतून टाकलं. त्याने ते बघितलं. अर्धा पेला घेतला आणि बारीक बारीक घोट घेत बसला, लवकर संपू नये म्हणून.

उद्या शनिवार. त्याचा वार.